गोलकीपर चालत का नाही?

हरणाऱ्या टीमच्या गोष्टी जमत नाहीत. हरलो, घरी आलो, वरण-भात खाल्ला, संपलं. गोष्टी जमतात त्या जिंकणाऱ्या टीमच्या. तेही ती टीम सुधारायला हुशार माणसं बसली की. आमच्या टीमला तीनच माणसं बसली होती, तरी माझ्या भूगोलाच्या वहीची मागची सगळी पानं भरली. मला चारचौघांत बोलायला जमत नाही. त्यामुळे मतं पुष्कळ साठतात.

टीम म्हणजे खराडीतल्या आमच्या 'नदीदर्शन' सोसायटीची फुटबॉल टीम. सोसायटीतून नदी कुठूनही दिसत नाही. संध्याकाळी वारा पडला की ती जवळच आहे एवढं कळतं. टीम सोळा वर्षांखालची, मुलं-मुली एकत्र. सात जण मैदानात, एक राखीव, एकूण आठ. माझी ताई गोलकीपर. मी प्रेक्षक.

कोच शेख सर. मूळचे कॅम्पातले. हडपसरच्या एका कारखान्याच्या टीमकडून ते वर्षानुवर्षं बचावफळीत खेळले, आणि निवृत्त झाल्यावर आमच्या सोसायटीत लेकाकडे राहायला आले. त्यांनी टीम बांधली आणि आम्ही जिंकायला लागलो. इथेच घोटाळा झाला. जिंकायला लागल्यामुळे लोकांचं लक्ष गेलं!

सोसायटीच्या वार्षिक सभेत बी विंगचे सबनीस काका उभे राहिले. ते एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर आहेत. त्यांनी विचारलं, "सर, आपली सिलेक्शनची प्रोसेस काय आहे?"

शेख सर म्हणाले, "बघतो."

"काय बघता?"

"खेळ."

सभेच्या इतिवृत्तात नोंद झाली: 'सध्या कोणतीही प्रोसेस नाही.' आणि त्याच सभेत निवड समिती नेमली गेली. सबनीस काका अध्यक्ष. एक्सेलमध्ये सगळं मांडून देणारा निलेशदादा सचिव. तिसरे माझे बाबा, सोसायटीचे 'वाघमारे साहेब'. बाबा सरकारी खात्यात आहेत. सोसायटीत आयटीबाहेरचे जवळपास तेच एकटे. त्यांना का घेतलं, असं आईने विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "मी नाही म्हणेपर्यंत ठराव पास झाला होता."

*

समितीची पहिली मीटिंग आमच्या घरी झाली, शनिवारी. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मॅच होती. मी पोह्यांच्या बशा घेऊन आत-बाहेर करत होते, त्यामुळे सगळं ऐकलं.

पहिला तास 'आपण फुटबॉल का खेळतो' यावर गेला. दुसरा तास निलेशदादाच्या रंगांवर गेला. त्याने बचावफळीला हिरवा रंग दिला होता आणि सबनीस काकांचं म्हणणं, हिरवा म्हणजे काम पूर्ण झालेलं. बचाव पूर्ण कधी होतो? मग बचावफळी पिवळी झाली. खेळाडूंच्या नावांपर्यंत काही ते पोचले नाहीत. "यादी सकाळी मेल करतो," म्हणून उठले.

यादी आली सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी. तोवर सरांनी मैदानावर हजर असलेल्यांतून सात जण उतरवले होते आणि आम्ही एक गोल मारलाही होता. शेवटी तीन-एकने जिंकलो.

सबनीस काका संध्याकाळी सरांना भेटले. "जिंकलो ते चांगलंच झालं. पण सर, टीम अप्रूव्ह झालेली नव्हती!"

सर म्हणाले, "समोरच्यांना पण हेच सांगून बघायला पाहिजे होतं."

*

इथे आमच्या घरातला एक करार सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे.

ताई दहावीत आहे. तिच्या वर्गातल्या सगळ्या मुली संध्याकाळी सहाच्या बॅचला क्लासला जातात, आणि सहा ही मैदानाची वेळ. ताईने आईशी आठवडाभर वाटाघाटी केल्या. शेवटी आई म्हणाली, "टीममध्ये आहेस तोवर खेळ. ज्या दिवशी यादीतून नाव जाईल, एका मॅचपुरतं का होईना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून सहाची बॅच. मग पुन्हा मैदानाचं नाव काढायचं नाही. चालेल?"

"चालेल," ताई म्हणाली.

तिने हे म्हटलं तेव्हा यादी शेख सर करत होते.

*

समितीने दुसरा नियम केला तो खेळाडू बदलण्याचा. मॅच चालू असताना कोणाला बाहेर काढून राखीव खेळाडू घ्यायचा असेल, तर सरांनी मेल करायचा आणि अध्यक्षांनी होकार द्यायचा.

एका शनिवारी संध्याकाळच्या मॅचला आमच्या समीरचा पाय मुरगळला. सरांनी चष्मा लावला, एका बोटाने टाइप केलं: 'समीर बाहेर, ओजस आत.' सबनीस काका तेव्हा परदेशातल्या क्लायंटबरोबर कॉलवर होते. दहा मिनिटांनी उत्तर आलं: 'कृपया कारण द्यावे.'

सरांनी समीरच्या घोट्याचा फोटो पाठवला.

पुन्हा उत्तर आलं: 'दुसऱ्या पायाचाही पाठवावा. तुलनेसाठी.'

समीरने बसल्या बसल्या दुसरा बूट काढला. तेवढ्यात मॅच संपली. बिचारा ओजस जाळीपाशी वॉर्म-अप करून करून इतका दमला होता, की त्याला आणि समीरला एकाच रिक्षातून घरी न्यावं लागलं.

*

सुमित आमचा लेफ्ट विंगर. पाय इतका चलाख की समोरचा बचावपटू त्याला शोधत मागे वळायचा, तोवर सुमित कॉर्नरपाशी! त्याच्या बाबांनी वाकडला फ्लॅट घेतला आणि सुमित सोडून जाणार असं ठरलं.

सबनीस काकांनी त्याला बोलावून घेतलं. "दोन आठवडे नोटीस द्यावी लागेल. आणि जाण्याआधी नॉलेज ट्रान्स्फर. तू जे करतोस ते सगळं लिहून नव्या मुलाला द्यायचं. स्टेप बाय स्टेप."

सुमितने लिहून दिलं. मी तो कागद पाहिला आहे.

'१. बॉल येतो. २. मी जातो.'

सबनीस काका म्हणाले, "एक आणि दोनच्या मध्ये काय होतं ते लिही."

सुमितने पूर्ण रविवार विचार केला आणि मध्ये एक ओळ घातली: 'समोरच्याला वाटतं मी दुसरीकडे जाणार.'

सुमितच्या जागी ओजस आला, राखीवमध्ये दुसरा एक मुलगा घेतला, आणि आम्ही पुन्हा आठ झालो. ओजसने ते पाठ केलं. पुढच्या मॅचला बॉल आला, ओजस गेला, आणि समोरच्याला वाटलं तिथेच गेला. माझं मत कोणी विचारलं नाही म्हणून इथे लिहिते: उजव्या पायाच्या मुलाला लेफ्ट विंगला लावू नये, मग त्याने कितीही पाठांतर केलेलं असो!

*

मग आले मनगटाचे पट्टे.

निलेशदादाच्या ऑफिसात पावलं मोजणारे पट्टे वाटले होते. त्याने खटपट करून आमच्या आठ जणांसाठी मिळवले. आता प्रत्येकाची आठवड्याची पावलं, पास, गोल, अडवलेले गोल, सगळं एक्सेलमध्ये जायला लागलं. महिन्याच्या शेवटी रेटिंग. निलेशदादाने फळ्यावर घंटेसारखी रेघ काढून समजावलं. मधे सगळे बरे, एका टोकाला उत्तम, दुसऱ्या टोकाला दहा टक्के वाईट. तळाच्या दहा टक्क्यांनी पुढच्या मॅचला बाहेर बसायचं.

समीरने हात वर केला. "दादा, पण सगळेच चांगले खेळले तर?"

"तरी दहा टक्के वाईटच," निलेशदादा म्हणाला. "सगळ्या कंपनीत असंच असतं."

पहिल्या महिन्यात आम्ही सगळ्या मॅच जिंकल्या आणि तळाला कोण निघावं? सबनीस काकांचा स्वतःचा मुलगा, ईशान! आम्हाला वाटलं आता नियम बदलणार. तसं काही झालं नाही. रात्री त्यांच्या घरी जेवणं चालली होती. सबनीस काका, काकू, ईशान एका टेबलावर. ईशानचा फोन वाजला. मेल होता: 'प्रिय ईशान, तुला कळवण्यास खेद होतो की...' खाली सही, सबनीस काकांची.

ईशान म्हणाला, "बाबा, तुम्ही समोरच बसला आहात की! तोंडाने का नाही सांगितलं?"

काका म्हणाले, "घरी मी ऑफिसचं बोलत नाही. आमटी वाढ."

*

दुसऱ्या महिन्यात ताईवर आलं.

मीटिंग आमच्याच घरी. ताईचं नाव निघताच बाबा उठले. "माझ्या मुलीचा विषय आहे. मी इथे बसणं बरोबर दिसणार नाही," म्हणून गॅलरीत जाऊन उभे राहिले. समितीत ताईच्या बाजूने एकच मत होतं. तेही आता गॅलरीत!

निलेशदादाने आकडे वाचले. "पावलं सगळ्यांत कमी. पास कमी. गोल शून्य."

शेख सरांना त्या दिवशी खास बोलावलं होतं. ते म्हणाले, "गोलकीपर आहे ती."

"मान्य. पण बराच वेळ ती नुसती उभी असते. गेल्या मॅचला तर तिच्याकडे बॉल दोनदाच आला."

"कारण पुढचे तो येऊ देत नाहीत."

"म्हणजे तिची गरज कमी आहे," निलेशदादा म्हणाला.

सरांनी पोह्यातली मिरची बाजूला काढली. "दादा, फायर ब्रिगेडची गाडी पण दिवसभर उभीच असते. विकून टाकायची काय?"

याचा परिणाम एवढाच झाला की ताईला लगेच काढलं नाही. तिला सुधारण्यासाठी एक महिन्याची मुदत मिळाली. इतरांपैकी ज्याची पावलं कमी, तो त्या वेळेपुरता बाहेर बसला.

इकडे गॅलरीत आईने बाबांना गाठलं. "तुम्ही बाहेर कसे?"

"अगं, माझा संबंध येतो ना."

"संबंध येतो म्हणून तर आत बसायचं!" आई म्हणाली. "आणि एक सांगून ठेवते. पोरगी वाईट खेळून बाहेर पडली, तर तिला क्लासला घालीन. चांगली खेळत असताना काढली, तर तुम्हाला घालीन."

*

मुदत मिळाल्यावर ताईने पहिल्या मॅचला गोलपोस्टच्या मधे शतपावली सुरू केली. या खांबापासून त्या खांबापर्यंत, पुन्हा उलट. समोरच्या टीमचा फॉरवर्ड बॉल मारायचा सोडून तिच्याकडे बघत राहिला. मॅच संपल्यावर त्याने समीरला विचारलं, "तुमच्या गोलकीपरला काही टेन्शन आहे का?"

होतंच!

मग टीमने स्वतःच उपाय काढला. समीर आणि पूर्वा, आमची बचावफळी, दोघं ताईचे मित्र. त्यांनी ठरवलं, समोरच्यांना अडवायचंच नाही. येऊ दे बॉल. ताई अडवेल, तिचे आकडे वाढतील.

ती मॅच मी जन्मात विसरणार नाही. समोरची मुलं बॉल घेऊन येत होती आणि समीर-पूर्वा लग्नात पाहुण्यांना वाट द्यावी तसे बाजूला होत होते. ताई उजवीकडे झेपावली, डावीकडे लोळली, एकदा तर तोंडाने अडवला. एकही गोल झाला नाही. शेख सर कपाळाला हात लावून बसले होते, पण बोटांच्या फटीतून बघत होते.

त्या महिन्यात ताई थेट वर. सबनीस काकांनी जाहीर केलं, "पाहिलंत? प्रोसेसमुळे सुधारणा झाली!"

आणि तळाला गेली पूर्वा. 'बचावात लक्षणीय घसरण.'

पूर्वा म्हणाली, "असू दे गं. मला तसंही त्या रविवारी मावशीकडे जायचंय."

एक मत याबाबतही लिहून ठेवते. ज्या टीमची गोलकीपर कंटाळलेली दिसते, ती टीम उत्तम चालली आहे असं समजावं. पण कंटाळ्यासाठी एक्सेलमध्ये रकाना नव्हता.

*

आम्ही फायनलला पोचलो. वाघोलीच्या एका कॉलेजच्या मैदानावर हडपसरच्या टीमशी गाठ होती. फायनलच्या आठवडाभर आधी निलेशदादाच्या लक्षात आलं, की ताईचे आकडे एकाच महिन्यात फार वाढले आहेत. "डेटात गडबड आहे," तो म्हणाला आणि त्याने 'अडवलेले गोल' हा रकानाच काढून टाकला. पासही काढले, गोलही काढले. उरली फक्त पावलं. पावलांशी खोटं बोलता येत नाही, असं त्याचं म्हणणं.

पावलांत तळाला ताई होती. शंकाच नव्हती. त्या रविवारी मीटिंगमध्ये फक्त शिक्का मारायचा बाकी होता. ताई सकाळपासून तिच्या खोलीत हातमोजे धूत बसली होती. धुतलेले पुन्हा धूत होती.

समिती बसली. ताईचं नाव निघालं. बाबा सवयीने उठले आणि गॅलरीकडे गेले. गॅलरीत चादरी होत्या. आईने त्या दिवशी घरातल्या सगळ्या चादरी, पडदे आणि दोन सतरंज्या एकदम धुवायला काढल्या होत्या. गॅलरीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. बाबांनी आईकडे पाहिलं. आई कोथिंबीर निवडत होती.

बाबा परत येऊन बसले.

त्यांनी सरकारी फाइलवर शेरा मारावा तशा आवाजात विचारलं, "निलेश, आठ जणांचे दहा टक्के म्हणजे किती?"

निलेशदादाने बटणं दाबली. "पॉइंट आठ."

"पॉइंट आठ मूल कसं काढणार?"

तीन महिने हा प्रश्न कोणालाच पडला नव्हता!

"आपण एक धरत होतो," निलेशदादा म्हणाला.

"म्हणजे दर वेळी पॉइंट दोन मूल जास्तीचं काढलं. नियमात बसतं का ते?"

सबनीस काकांचा चेहरा खरोखर पडला. नियमात बसत नाही म्हटल्यावर त्यांना जेवण गोड लागत नाही. ते उभे राहिले, दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "वाघमारे साहेब बरोबर बोलतायत. एक पूर्ण माणूस काढायचा तर यादीत दहा माणसं पाहिजेत. कोच आणि मॅनेजर धरले की दहा होतात. सर आणि मी उद्यापासून पट्टा लावतो. निकाल शुक्रवारी."

शेख सरांनी पट्टा लावला. ते रोज पहाटे फिरतात, मग भाजीला जातात, मग नातवाला शाळेत सोडतात, मग मैदान. त्यांची काळजी नव्हती. सबनीस काकांचा त्या आठवड्यात कोणतासा मोठा प्रोजेक्ट संपत होता. ते खुर्चीतून उठत नव्हते. काकू सांगत होत्या, चहासुद्धा तिथेच.

शुक्रवारी निलेशदादाने यादी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. म्हणाला, "काका, आपण एक आठवडा अजून मोजू या का?"

"का?"

निलेशदादाने लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला.

तळाहून दुसरी ताई होती.

सबनीस काकांनी चष्मा पुसला. "प्रोसेस म्हणजे प्रोसेस," ते म्हणाले. आणि त्यांनी तिथेच बसून मेल लिहिला: 'प्रिय सबनीस, तुम्हाला कळवण्यास खेद होतो की...' त्यांच्याच फोनवर टिंग वाजलं. त्यांनी तो काढून नीट वाचला. खरं सांगते, त्या वेळी मला त्यांच्याबद्दल पहिल्यांदा आदर वाटला.

*

फायनलला सबनीस काका आले, पण चुन्याच्या रेषेच्या आत पाऊल टाकलं नाही. माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. लॅपटॉप नाही, फोन खिशात. एवढे महिने टीम चालवून ते पूर्ण मॅच पहिल्यांदाच बघत होते.

पहिल्या हाफमध्ये समीर धापा टाकायला लागला तेव्हा सरांनी सवयीने त्यांच्याकडे पाहिलं. काकांनी दोन्ही हात वर केले. "मला नका विचारू सर! मी टीममध्ये नाही!"

सरांनी स्वतःच ठरवलं. राखीव मुलगा आत, समीर बाहेर. पाच मिनिटांनी पूर्वाच्या लांब किकवर ईशानने गोल मारला. एक-शून्य.

मग शेवटची काही मिनिटं उरली. खेळ सगळा पलीकडच्या गोलसमोर चालला होता. आमच्या बाजूला ताई एकटी, गुडघ्यांवर हात ठेवून उभी. हलत नव्हती. काका तिच्याकडेच बघत होते.

"अगं," त्यांनी मला विचारलं, "ती काहीच कशी करत नाही?"

मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. "ती बघतेय," मी म्हणाले.

"काय?"

"खेळ."

तेवढ्यात हडपसरचा एक उंच मुलगा बॉल घेऊन सुटला. पूर्वा मागे पडली, ओजस मागे पडला. मुलगा एकटा ताईसमोर. त्याने डावीकडे मान टाकली आणि उजवीकडे मारला. ताई मानेला फसली नाही. ती आरामात सरकली, वाकली, आणि बॉल दुकानातून नारळ उचलावा तसा दोन्ही हातांत घेऊन उभी राहिली. शिट्टी वाजली. मॅच संपली. सगळे ओरडत तिच्याकडे धावले. आईसुद्धा, चप्पल हातात घेऊन.

मी धावणार होते, पण काकांनी माझा खांदा धरला.

"किती पावलं टाकली तिने आता? मोजलीस?"

"तीन," मी म्हणाले.

"तीनच?"

"तीनच."

सबनीस काकांनी मैदानाकडे पाहिलं. आमचे बाकीचे सहा जण आता ताईभोवती जिभा बाहेर काढून गवतावर आडवे पडले होते.

"मग हे सहा जण," त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं, "इतके दिवस नक्की कशासाठी पळत होते?"